बंद डबा आणि कोंडलेली वाफ : मत्स्यरक्षणाच्या एका शोधाचीं साधनें

प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. सनदा, महजर, शकावल्या आणि ताम्रपट यांच्या पंगतींत माशाच्या डब्यासाठीं पाट कोणी मांडला, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्यास आपण साधन म्हणतों तें कागदावर किंवा तांब्यावरच लिहिलेलें असावें असा नियम नाहीं. ज्या वस्तूवर तिच्या काळाची मोहोर आहे, जी मोहोर मध्यंतरीं कोणी फोडली नाहीं, आणि फोडल्यावर जिच्यांतील मजकूर वाचतां येतो, ती वस्तु साधनच होय. अशी एक वस्तु इ. स. १९३८ सालीं इंग्लंडांत उघडली गेली, व तिच्यांतील मजकुरानेंच मला या विषयाकडे ओढलें.

ती वस्तु म्हणजे पत्र्याचा एक डबा. कॅप्टन विल्यम एडवर्ड पॅरी हा १८२४ सालीं उत्तरेकडील बर्फाळ समुद्रांतून मार्ग शोधण्यास निघाला, तेव्हां त्याच्या जहाजांवरील शिध्यांत वासराच्या भाजलेल्या मांसाचा हा डबा होता. तो न उघडतां परत आला आणि पुढें लंडनांतील एका संग्रहालयांत राहिला. छिनी व हातोडी घेऊन वरच्या बाजूस कडेनें गोल कापावा, अशी सूचना त्यावर होती; कारण डबा उघडण्याचें स्वतंत्र हत्यार त्या काळीं निघालेंच नव्हतें. प्रोफेसर जॅक ड्रमंड व त्यांचे सहकारी यांनीं ११४ वर्षांनीं तो उघडला, तेव्हां मांस सुस्थितींत निघालें, व तें खाऊन प्रयोगशाळेंतील उंदरांस कांहीं अपाय झाला नाहीं. येथवर हकीगत नवलाची खरी, पण साधी आहे. विलक्षण भाग पुढेंच आहे. त्या मांसाची जंतुशास्त्रदृष्ट्या तपासणी करतां त्यांत जिवंत बीजाणु सांपडले. म्हणजे डबा बंद करतांना दिलेल्या उष्णतेंतून ते वांचले होते. वाढण्यास अनुकूल स्थिति आंत नव्हती म्हणून ते स्वस्थ पडून होते. आणि पेशवाई बुडाल्यावर अवघ्या सहा वर्षांनीं कोंडलेले हे जीव दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पोषक द्रव्य मिळतांच पुनः वाढीस लागले. डबा टिकला तो भरणाऱ्याच्या विद्येमुळें, कीं केवळ योगायोगानें? या एका प्रश्नांत पुढील सर्व इतिहास सांठविलेला आहे.

बीजाणु म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. कांहीं जातींचे जंतु प्रतिकूल काळ आला म्हणजे आपल्या शरीराच्या आंतच एक कठीण कवचाचें, बहुतेक निर्जल असें बीज तयार करितात. शरीर नष्ट झालें तरी हें बीज राहतें. साधा जंतु ७०–८० अंशांच्या उष्णतेनें मरतो (या लेखांतील अंश सर्वत्र सेंटिग्रेड मापाचे आहेत). पण कांहीं जातींचे बीजाणु उकळत्या पाण्यांत तासचे तास ठेविले तरी मरत नाहींत. आणि उघड्या भांड्यांतील पाणी, चुलींत कितीहि लांकडें घातलीं तरी, १०० अंशांच्या वर चढत नाहीं. भांडें घट्ट झांकून वाफ कोंडली म्हणजे दाब वाढतो, व दाबाबरोबर उकळीचा अंशहि चढतो. हवेच्या नित्य दाबावर आणखी एक वातावरणाइतका दाब घातला कीं अंश सुमारें १२१ होतो. आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, या कामीं दाब स्वतः कोणासहि मारीत नाहीं. मारते ती उष्णता. दाब तिच्यासाठीं नुसती वाट करून देतो. जुन्या लेखांत ‘दाब’ हा शब्द आला कीं तो कोणत्या अर्थीं आला आहे तें तपासावें लागतें, कारण त्याचा एक दुसरा अर्थहि आहे व त्याची गोष्ट अखेरीस येईल.

मासा या प्रकरणांत विशेष अडचणीचा कां, तेंहि येथेंच सांगतों. चिंच, कोकम, आंबट फळें यांतील आम्लामुळें घातक बीजाणूंस अंकुर फुटत नाहीं; म्हणून अशीं फळें नुसतीं उकळून हवाबंद केलीं तरी चालतें. माशांत आंबटपणा जवळजवळ नाहीं, पाणी मात्र भरपूर. आमच्या कोंकणपट्टींत बोंबील बांबूंच्या मांडवावर वाळत घालतात, सुरमई मिठांत मुरवितात. या रीतींत बीजाणु मरत नाहीं, त्यास पाणी मिळत नाहीं इतकेंच. ती रीत प्राचीन आहे व आपल्या परीनें निर्दोषहि आहे. परंतु ओला मासा ओलाच ठेवून वर्षानुवर्षें टिकवावयाचा, तर आंतील शेवटचा बीजाणुहि मारला पाहिजे. तेथें दुसरी तोड नाहीं.

आतां कालक्रमाकडे वळूं. ज्या भांड्यानें हें काम होतें तें भांडें या कामाची गरज कळण्याच्या सुमारें दोनशें वर्षें आधीं सिद्ध होतें, हें या इतिहासांतील मोठेंच नवल आहे. देनी पापँ हा फ्रान्सांतील ब्लोआ येथें १६४७ सालीं जन्मलेला प्रॉटेस्टंट वैद्य. प्रथम पॅरिसांत हॉयगेन्सच्या व नंतर लंडनांत रॉबर्ट बॉइलच्या हाताखालीं त्यानें काम केलें. १६७९ सालीं त्यानें रॉयल सोसायटीपुढें आपलें घट्ट झांकणाचें भांडें दाखविलें, आणि १६८१ सालीं हाडें मऊ करण्याच्या या यंत्रावर इंग्रजींत एक लहानसें पुस्तक छापिलें. भांडें फुटूं नये म्हणून झांकणास एक भोंक, त्यावर झडप, व झडपेवर तरफेनें टांगलेलें वजन अशी योजना त्यानें केली. आंत उष्णता किती झाली हें कळण्यास आजच्यासारखें मापनयंत्र त्याजपाशीं नव्हतें. तेव्हां तो झांकणावर पाण्याचा थेंब टाकी, आणि तो थेंब विरून जाईपर्यंत लंबकाचे झोके किती होतात तें मोजी. निरक्षर स्वयंपाकीण तवा तापला कीं नाहीं तें पाण्याचा शिंतोडा मारून पाहते, त्याच युक्तीला पापँनें कालमापनाची जोड दिली, हें पाहून मौज वाटते.

या भांड्यांत शिजलेल्या माशाचा पहिला विश्वसनीय पुरावा एका रोजनिशींत आहे. जॉन एव्हलिन हा रॉयल सोसायटीचा सभासद; त्यानें १६८२ च्या एप्रिल महिन्यांतील टिपणांत, पापँच्या भांड्यांत रांधलेल्या भोजनास आपण कांहीं सभासदांसह गेल्याचें लिहिलें आहे. गोमांसाचीं हाडें चीजसारखीं मऊ झालीं होतीं, कोळसा अत्यल्प लागला होता, व पाइक नांवाचा गोड्या पाण्यांतील मासा कांट्यांसकट बिनदिक्कत खातां आला, असा त्यांतील आशय आहे. आजहि डब्यांतील सामन किंवा तारली खातांना कांटा तोंडांत विरतो, तो याच कारणानें. जेवणाऱ्यांपैकीं कोणाच्याहि मनांत असें आलें नाहीं कीं, हाच मासा याच भांड्यांत मोहोरबंद राहिला असता तर तो पुढल्या वर्षींहि चांगला निघता. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पापँचा हेतु गरिबांच्या घरीं फुकट जाणारीं हाडें अन्न व्हावीं, हा होता. आणि सडणें ही क्रिया जिवंत प्राण्यांकडून होते हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें.

यानंतर सव्वाशें वर्षें सोडून आपण निकोला आपेरकडे येतों. या पुरुषाविषयीं एक आख्यायिका पुस्तकापुस्तकांतून उतरून घेतली जाते, तिचें निराकरण केलें पाहिजे. ती अशी कीं, नेपोलियननें फौजेच्या अन्नासाठीं १२,००० फ्रँकांचें बक्षीस जाहीर केलें व आपेरनें तें जिंकलें. अस्सल कागदांवरून दिसतें तें निराळें आहे. आपेर हा मिठाईवाला व आचारी. १७९५ च्या सुमारापासून तो आपल्या हिंमतीवर कांचेच्या बाटल्यांत अन्न घालून, बुचें घट्ट बसवून, त्या पाण्यांत उकळीत असे. त्याची रीत सिद्ध झाल्यावर अंतर्गत कारभाराच्या मंत्र्यानें १८१० सालीं त्यास १२,००० फ्रँक दिले, ते या अटीवर कीं त्यानें आपली रीत गुप्त न ठेवतां पुस्तकरूपानें छापावी व २०० प्रती सरकारांत द्याव्या. म्हणजे ही रक्कम स्पर्धेचें बक्षीस नव्हे, प्रकाशनाचें मोल होय. आपल्याकडील घराण्यांघराण्यांतून ज्या विद्या बापानें मुलासहि पुरत्या न सांगितल्यामुळें बुडाल्या, त्यांची आठवण येथें झाल्याखेरीज राहत नाहीं.

आपेरला आपली रीत कां साधते तें माहीत नव्हतें. त्याच वर्षीं गे-ल्यूसाक या नामांकित रसायनशास्त्रज्ञानें बाटल्यांतील हवा तपासली, तींत प्राणवायु नाहीं असें पाहिलें, व प्राणवायूचा अभाव हेंच टिकण्याचें कारण असा निर्णय दिला. हा निर्णय चूक होता. पण सांगणारा मोठा असल्यामुळें तो पन्नास वर्षें चालला. त्याचा परिणाम असा कीं, कारखानदार सर्व लक्ष डब्यांतून हवा काढण्याकडे देऊं लागले आणि उष्णता किती व किती वेळ हा प्रश्न दुय्यम राहिला. वस्तुतः ज्या जंतूचें विष सर्वांत भयंकर, तो हवेच्या अभावींच वाढतो! हवा काढणें म्हणजे त्यास घर झाडून देणें होय.

१८१० च्याच ऑगस्टांत पीटर ड्युरंड यानें लंडनांत जो पेटंट घेतला त्यांत कांचेबरोबर कल्हईच्या पत्र्याचाहि उल्लेख आहे. आपली कल्पना परदेशांतील एका गृहस्थाकडून आल्याचें त्यानेंच नमूद केलें आहे. १८१३ पासून डॉन्किन, हॉल व गॅम्बल यांचा बर्मंडसी येथील कारखाना आरमारास डबे पुरवूं लागला. फ्रान्सांत नांत येथें जोसेफ कोलॅं यानें १८२४ च्या सुमारास तेलांतील तारल्यांचे डबे व्यापारी प्रमाणावर काढले. मत्स्यरक्षणाच्या इतिहासांत हें गांव आपेरच्या गांवाइतकेंच मानाचें आहे.

उकळत्या पाण्यापेक्षां अधिक उष्णता हवी, ही जाणीव शास्त्रज्ञांस होण्यापूर्वीं कारागिरांस झाली, व तीहि घाईमुळें. पाण्यांत मीठ किंवा चुन्याचा क्लोराइड विरघळविला म्हणजे तें १०० अंशांच्या वर उकळतें. इंग्लंडांत स्टीफन गोल्डनर यानें १८४१ च्या सुमारास असल्या क्षारजलाची रीत चालविली. फ्रँक्लिनच्या १८४५ च्या ध्रुवाकडील मोहिमेस डबे पुरविणारा हाच. ती मोहीम गेली ती गेली. १२९ असामींपैकीं एकहि परत आला नाहीं. डब्यांतील विषानें त्यांचा घात झाला असा तर्क अलीकडील कांहीं लेखकांनीं केला आहे. परंतु तर्कास पुराव्याची जागा देणें बरें नव्हे, म्हणून तो मी येथें नुसता नोंदवून ठेवितों. पुराव्यानें सिद्ध आहे तें एवढेंच कीं, १८५२ च्या जानेवारींत गॉस्पोर्ट येथील आरमारी कोठारांत गोल्डनरचे डबे तपासणीस घेतले, तेव्हां एकामागून एक सडलेले निघाले, दुर्गंधीनें तपासनीस हैराण झाले, व पार्लमेंटास चौकशी समिति नेमावी लागली. डबे आकारानें मोठे केले गेले होते. बाहेरून तापविलेल्या मोठ्या डब्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता फार सावकाश पोंचते, हें कारण मला सर्वांत संभवनीय वाटतें.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथें आयझॅक सॉलोमन यानें १८६१ सालीं हीच क्षारजलाची रीत उचलली. सुमारें सहा तासांचें उकळणें अर्ध्या तासावर आलें व रोजची निपज दोनअडीच हजार डब्यांवरून वीस हजारांवर गेली, असें सांगतात. मात्र क्षारजलांत बाहेरून दाब नसल्यामुळें डबे आंतल्या वाफेनें फुगून फुटत आणि माणसें भाजत. या अडचणीवरील उतारा फ्रान्सांत आधींच निघाला होता. रेमों शेव्हालिए-आपेर यानें १८५२ च्या सुमारास पापँच्या भांड्यास दाबमापक जोडून तें डब्यांच्या कामीं लाविलें. बाल्टिमोर येथील अँड्र्यू श्रायव्हर यानें १८७४ सालीं वाफेच्या बंद पात्राचा पेटंट घेतला. त्या धंद्यांत या पात्रास ‘रिटॉर्ट’ म्हणतात. बाहेरचा दाब आंतल्या दाबास तोलून धरतो, म्हणून डबा फुटत नाहीं. थोडक्यांत, कारखानदारांनीं हें पात्र घेतलें तें वेळ वांचावा व डबा शाबूत राहावा म्हणून. बीजाणु मारण्यासाठीं नव्हे. बीजाणु हा शब्दच अद्याप त्यांच्या कानीं नव्हता.

तो शब्द लवकरच आला. ब्रेस्लाउ येथें फर्डिनांड कोन यानें १८७६ सालीं वाळलेल्या गवताच्या काढ्यांतील जंतूंचे बीजाणु वर्णिले, व त्याच वर्षीं रॉबर्ट कॉख यानें काळपुळीच्या जंतूचा बीजाणूपासून बीजाणूपर्यंतचा जीवनक्रम दाखविला. लंडनांत जॉन टिंडलचे काढे एका हंगामांत पांच मिनिटांच्या उकळीनें निर्जंतुक होत, आणि दुसऱ्या हंगामांत तासचे तास उकळूनहि होईनात. आपल्या खोलींत आलेल्या जुन्या गवताच्या धुळीमुळें असें होतें, हें त्यानें १८७७ पर्यंत शोधून काढलें. पॅरिसांत पास्तरचा शिष्य शार्ल शांबेरलां यानें १८७९ च्या आपल्या प्रबंधांत उकळीच्या वरच्या अंशांची आवश्यकता दाखविली, व त्याच्या नांवाचा ‘ऑटोक्लेव्ह’ प्रयोगशाळांतून सुरू झाला. हें पापँचेंच भांडें. दोन शतकांनीं त्यास त्याचें खरें काम मिळालें.

येथें मुंबईशीं संबंध असलेली एक हकीगत सांगणें अवश्य आहे. ती माशाची नव्हे, पण बीजाणूची आहे, आणि कागदपत्रें वाचणाऱ्यानें ती विसरूं नये. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं प्लेगची लस टोंचली गेली. परळ येथील वाल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेंतून आलेल्या पांच बाटल्यांतून १०७ जणांस लस मिळाली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस ज्यांस टोंचली ते १९ इसम धनुर्वातानें मेले. धनुर्वाताचा जंतुहि बीजाणु करणारा. प्लेगचा जंतु ज्या मंद उष्णतेनें मरतो तिला तो दाद देत नाहीं. चौकशी मंडळानें बाटली मुंबईसच दूषित झाली असा ठपका ठेविला व हाफकिन यांस पद सोडावें लागलें. पुढें कागद छापले गेले तेव्हां दोन नोंदी बाहेर आल्या. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. आणि टोंचणाऱ्या डॉक्टरनें उघडतांच बाटलीचा वास घेतला होता, त्यास दुर्गंधि आली नव्हती. धनुर्वाताचे जंतु बाटलींत कित्येक आठवडे वाढत असते तर दुर्गंधि येतीच. रोनाल्ड रॉस यांनीं हा धागा धरला. दहा शास्त्रज्ञांच्या सहीचें पत्र १९०७ च्या जुलैंत लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें आलें, व त्याच सालच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. पांच वर्षें एका माणसाची अब्रू एका जबानींतील वासाच्या एका वाक्यांत दडून होती, आणि तें वाक्य चौकशी करणाऱ्यांनीं वाचलें नव्हतें असें नव्हे. परळच्या त्या संस्थेस १९२५ सालीं हाफकिन यांचेंच नांव दिलें गेलें.

आतां पुनः माशाकडे. कारखान्यांतील पात्र आणि प्रयोगशाळेंतील ज्ञान यांची गांठ प्रथम शिंपल्यांच्या डब्यांवर पडली. बॉस्टन येथील विल्यम लायमन अंडरवुड यांचें घराणें पिढीजात डबेवाल्यांचें. त्यांचे शिंपल्यांचे डबे (आपल्याकडील तिसऱ्यांच्या जातीचे) फुगून फुकट जाऊं लागले. १८९५ सालीं ते मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षण संस्थेंत गेले, व तेथील तरुण शास्त्रज्ञ सॅम्युएल केट प्रेस्कॉट यांच्यासह त्यांनीं कामास हात घातला. फुगलेल्या प्रत्येक डब्यांत बीजाणु करणारे जंतु निघाले. मग त्यांनीं डब्याच्या आंतच उष्णतामापक ठेवून, बाहेर अमुक अंश असतां गाभ्याशीं तो केव्हां पोंचतो तें मोजलें. गॉस्पोर्टच्या तपासनिसांनीं विचारावयास हवा होता तो हा प्रश्न. गाभ्याशीं सुमारें १२१ अंश दहा मिनिटें राहिले म्हणजे त्यांच्यापुढील जंतु मरतात, असें त्यांस आढळलें. शेवंडाच्या डब्यांतील काळेपणाचाहि त्यांनीं शोध केला; कॅनडांत अँड्र्यू मॅकफेल यांनीं त्याच सुमारास तेंच काम सरकारसाठीं केलें. विस्कॉन्सिनांत हॅरी रसेल यांनीं वाटाण्यांच्या डब्यांवर असाच प्रयोग १८९५ मध्यें केला होता, म्हणून अग्रमान कोणाचा हा वाद निघूं शकतो. माझें मत असें कीं, अंश चढविण्याचा उपाय रसेलनें आधीं सांगितला, परंतु गाभ्याच्या उष्णतेचा हिशेब पद्धतशीर मांडिला तो प्रेस्कॉट व अंडरवुड यांनीं. त्यांनीं पेटंट घेतला नाहीं, सर्व छापून टाकिलें. आपेरला ज्यासाठीं १२,००० फ्रँक द्यावे लागले तें यांनीं फुकट केलें.

याच १८९५ च्या डिसेंबरांत बेल्जमांतील एलझेल गांवीं एका अंत्ययात्रेस वाजविण्यास आलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें, व तिघे मेले. एमील व्हान एर्मेंगेम यांनीं त्या मांसांतून जो जंतु काढिला तोच आज ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या नांवानें ओळखला जातो. जर्मनींत युस्टिनुस केर्नर या कवि-वैद्यानें १८२० व १८२२ सालच्या दोन ग्रंथांत सॉसेजच्या विषाचीं लक्षणें आधींच बिनचूक लिहून ठेविलीं होतीं. डोळ्यांस एकाचीं दोन दिसणें, घसा सुकणें, गिळतां न येणें, श्वास बंद पडणें, आणि अखेरपर्यंत शुद्ध कायम राहणें, अशीं तीं लक्षणें आहेत. या जंतूचा स्वभाव दुहेरी आहे. त्याचा बीजाणु अत्यंत चिवट, पण त्याचें विष उष्णतेपुढें दुबळें. अन्न खाण्यापूर्वीं नीट उकळलें तर विष नाहींसें होतें. डब्यांतील मासा मात्र बहुधा तसाच थंड खाल्ला जातो, व म्हणून तेथें भिस्त सर्वस्वीं कारखान्यांतील पात्रावर.

पात्रास किती मिनिटें द्यावीं, याचा निकाल माणसें मेल्यावरच लागला. १९१९–२० मध्यें अमेरिकेंत ऑलिव्ह फळांच्या बरण्यांतून विषबाधा होऊन अनेक मृत्यु झाले. मग एस्टी व मायर यांनीं कॅलिफोर्नियांत या बीजाणूंवर कसून प्रयोग केले, आणि १९२२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, ६० अब्ज बीजाणूंचा समुदाय १२१ अंशांवर २·७८ मिनिटांत नष्ट होतो. १९३८ सालीं मापनांतील एक त्रुटि काढून हा आंकडा २·४५ करण्यांत आला. बिगेलो व बॉल यांनीं गाभ्याच्या उष्णतेचें गणित याच सुमारास बसविलें. तेव्हांपासून डबा किती वेळ शिजवावा ही गोष्ट आचाऱ्याच्या अंदाजाची न राहतां हिशेबाची झाली.

माशाच्या बाबतींत मात्र आणखी एक पेंच निघाला. रशियांतील स्टर्जन माशावरून १९३६ सालीं या जंतूची एक निराळी जात ओळखली गेली. तिला ‘ई’ म्हणतात. ही थंड पाण्याच्या तळच्या गाळांत राहते, ३ अंशांच्या गारठ्यांतहि वाढते, पण उष्णतेपुढें नरम. ९० अंशांवर दहा मिनिटांत तिचे बीजाणु मरतात. आतां साधनपरीक्षेच्या दृष्टीनें पाहा. १२१ अंशांतून गेलेल्या डब्यांत ही नरम जात सांपडली, तर ती शिजविण्याच्या वेळीं आंत नव्हतीच. ती मागाहून शिरली. दस्तऐवजाच्या शाईहून अर्वाचीन शाईचा मजकूर समासांत दिसावा तसें हें आहे. १९७८ च्या जुलैंत इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें अलास्काच्या सामनचा एक डबा चौघांनीं मिळून खाल्ला. चौघेहि आजारी पडले, त्यांतले दोघे मेले. जंतु ‘ई’ जातीचा निघाला, आणि डब्याच्या सांध्यास बारीक छिद्र आढळलें. गरम डबा निवतांना आंत पोकळी होऊन बाहेरचें ओढून घेतो. तेवढ्यांत बीजाणु आंत गेला. १९८२ सालीं बेल्जमांत अलास्काच्याच सामननें एक मनुष्य मेला, तेव्हांहि पत्र्यास यंत्राची चीर पडलेली होती. दोन्ही वेळां पात्रानें आपलें काम केलें होतें. मोहोर फुटली होती.

आतां ‘दाबा’चा दुसरा अर्थ. वाफेवांचून, पाण्यानेंच सहस्रावधि वातावरणांचा दाब देऊन जंतु मारावे, ही कल्पना वेस्ट व्हर्जिनियांतील बर्ट हाइट याची. १८९९ सालीं त्यानें दुधावर प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९१४ सालीं फळांवर व भाज्यांवर. आंबट फळें टिकलीं, भाज्या टिकल्या नाहींत. कारण तेंच, साधे जंतु दाबानें चिरडले जातात, बीजाणु नाहींत. पुढें १९७० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, मध्यम दाबानें बीजाणु मरत नाहीं, उलट त्यास अंकुर फुटतो, व अंकुरलेला बीजाणु उष्णतेस लवकर बळी पडतो. शिवाय दाब चढवितांच पदार्थ आपोआप तापतो. पाणी दर हजार वातावरणांमागें सुमारें ३ अंश, व चरबी त्याच्या दुपटीहून अधिक. यावरून दाब आणि उष्णता यांचा संयुक्त प्रयोग निघाला. आधींच ९० अंशांपर्यंत तापविलेला पदार्थ सुमारें ६,००० वातावरणांखालीं धरला कीं तो क्षणांत ११० अंशांच्या वर जातो, आणि दाब सोडतांच तितक्याच वेगानें निवतो. माशाचें मांस नाजूक. रिटॉर्टमधील दीर्घ शिजण्यानें तें भुगभुगीत होतें, म्हणून मत्स्यशास्त्रज्ञांस या रीतीचें आकर्षण. अमेरिकेच्या सरकारी खात्यानें २००९ च्या फेब्रुवारींत या रीतीस प्रथमच अनुमति दिली, ती मात्र कुस्करलेल्या बटाट्यासाठीं. तेव्हां एखाद्या लेखांत ‘उच्च दाबानें मासे निर्जंतुक केले’ असें वाचलें, तर वाफेचा एक वातावरण कीं पाण्याचे सहा हजार, हें पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावूं नये.

संग्राहकांसाठीं एक शेवटची गोष्ट. प्रत्येक रिटॉर्टास जोडलेली लेखणी गोल कागदावर उष्णतेची रेघ ओढते. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, किती अंश, हें सर्व त्या एका कागदावर उमटतें. बर्मिंगहॅमसारख्या प्रकरणांत पात्र निर्दोष होतें कीं नाहीं हें ठरवावयाचें तर प्रथम असलेच कागद पाहावे लागतात. अमेरिकेंतील १९७३ पासूनच्या नियमांप्रमाणें ते ३ वर्षें राखावे लागतात. पुढें ते जपण्याचें बंधन कोणावरच नाहीं. असे जुने गोल तक्ते, बंद पडलेल्या कारखान्यांच्या वह्या, किंवा डब्यांवरील छापील चिठ्ठ्या आपल्या सभासदांपैकीं कोणाच्या संग्रहीं किंवा कोंकण-गोमांतकांतील कोणा व्यापारी घराण्याच्या दप्तरांत असल्यास त्यांची नक्कल लेखकाकडे पाठवावी. न उघडलेला डबाच हातीं आल्यास त्यावरील मजकूर उतरून घ्यावा, सांध्याची स्थिति लिहून ठेवावी, आणि डबा उघडूं नये.